सहा पूर्णांक चार

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात प्रथम वर्ष बी.एस्सी.ची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. पाऊस थांबून चार दिवस झाले होते, तरी आमच्या प्रयोगशाळेच्या दगडी भिंतींतली ओल गेली नव्हती, आणि त्या ओलीत असेटिक आम्लाचा आंबूस, नाकाच्या शेंड्याला झोंबणारा वास मुरून राहिला होता. तोंडी परीक्षेसाठी एकेक विद्यार्थी जर्नल घेऊन समोर येत होता. जुन्नरकडून आलेली, वसतिगृहात राहणारी, वर्गात नेहमी दुसऱ्या बाकावर बसून सगळे नीट लिहून घेणारी एक मुलगी आली. तिचे जर्नल चाळताना माझे बोट एका पानावर थांबले. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या टायट्रेशनचे, म्हणजे ते आम्ल पुरते संपवायला किती मिलिलिटर अल्कली लागला त्याचे, आकडे होते १०.१, १०.०, १०.१. पुढच्या पानावर असेटिक आम्लाचे आकडे होते ६.४, ६.४, ६.४. दोन्ही आम्लांची संहती, म्हणजे द्रावणातले आम्लाचे प्रमाण, सारखीच होती, पिपेटने घेतलेले आकारमानही सारखेच, १० मिलिलिटर, आणि ब्युरेटमध्ये, म्हणजे खुणा असलेल्या तोटीच्या काचनळीत, तेच ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड (एनएओएच) हा अल्कली. पान खिडकीच्या उजेडात तिरपे धरल्यावर शाईतल्या त्या सहाच्या खाली पेन्सिलीने दाबून लिहिलेला आणि खोडरबराने पुसलेला दुसराच आकडा दिसला. तो ९.९ होता.

“हे तू मोजलंस का?” मी विचारले. ती गप्प राहिली नाही, उलट तिला हायसे वाटल्यासारखे दिसले. “नाही, मॅडम. नऊ पूर्णांक नऊ आलं होतं. तिन्ही वेळा तेवढंच आलं. पण ते चुकलेलं असणार ना? असेटिक ॲसिड सौम्य आहे, त्याला एनएओएच कमी लागायला हवं.” मग सहा पूर्णांक चारच का, असे विचारल्यावर ती म्हणाली, “सहा लिहिणार होते. पण अगदी सहा लिहिलं तर खोटं वाटलं असतं.”

मी तिचे दोन गुण कापले आणि पुढच्या मुलाला बोलावले.

रीडिंग जुळवणे हा आमच्या प्रयोगशाळांतला जुना आजार आहे. शेजारच्याचे आकडे घ्यायचे, वरच्या वर्गातल्या कुणाचे जर्नल आणून त्यातले उतरवायचे, उत्तर आधीच ठाऊक असेल तर उलटे गणित करून ब्युरेटचा आकडा काढायचा, हे सगळे मी वीस-बावीस वर्षे पाहत आले आहे आणि त्याचा राग येणेही आता सवयीचे झाले आहे. पण हा सगळा खोटेपणा बरोबर उत्तराच्या दिशेने जाणारा असतो. मुले चुकलेल्या आकड्यावर बरोबर आकडा चढवतात. या मुलीने तिन्ही वेळा काळजीपूर्वक काढलेला बरोबर आकडा पुसून त्यावर चुकीचा लिहिला होता, आणि तो लिहिण्यामागे आळस नव्हता, भीतीही फारशी नव्हती. आम्लाविषयी तिला जे खरे वाटत होते त्याला ती जागली होती. हाताने मोजलेले आणि मनाने मानलेले यांत विरोध आल्यावर तिने हाताला खोटे ठरवले. गुण कापण्यात माझी चूक झाली असे मला आजही म्हणता येत नाही, कारण न मोजलेला आकडा मोजला म्हणून लिहिणे हा प्रयोगशाळेतला अक्षम्य अपराधच आहे. तरीही त्या दिवशी घरी जाताना तिच्यापेक्षा मीच कुठेतरी पकडली गेल्यासारखे वाटत होते. ती चुकीची कल्पना तिने बाहेरून आणली नव्हती. ‘सौम्य आम्ल म्हणजे पाण्यात कमी हायड्रोजन आयन देणारे आम्ल’ हे वाक्य जूनअखेरीस मीच फळ्यावर लिहिले होते, आणि ते पूर्णपणे बरोबर होते. त्या बरोबर वाक्यावरून तिने सरळ पुढचे पाऊल टाकले: आयन कमी, म्हणून त्यांना संपवायला लागणारा अल्कलीही कमी.

संध्याकाळी टिळक रस्त्यावरच्या एका अमृततुल्यात मी चहासाठी थांबले. पितळी भांड्यात चहा उकळत होता, आल्याचा वास रस्त्यापर्यंत येत होता, आणि माझ्या पुढे उभे असलेले गृहस्थ म्हणाले, “जरा कडक द्या.” हा शब्द मी रोज ऐकते, पण त्या दिवशी तो कानात अडकला. कडक चहा म्हणजे पावडर जास्त आणि पाणी कमी असलेला चहा. फिका चहा म्हणजे पाणी जास्त झालेला. घरात कुणी स्ट्राँग कॉफी मागितली तर आपण चमचाभर कॉफी वाढवतो. कॉफीचा रेणू बदलायला कुणी जात नाही. आमच्या वर्गात शिकवण्याची पुस्तके इंग्रजीत असतात, मुलांशी मी मराठीत बोलते, आणि दोन्ही भाषांनी लहानपणापासून त्यांना हेच शिकवलेले असते की कडकपणा म्हणजे दाटपणा. मग मी त्यांच्यापुढे चार शब्द ठेवते. तीव्र आणि सौम्य ही एक जोडी, संहत आणि विरल ही दुसरी. पहिली जोडी रेणूच्या स्वभावाची, पाण्यात गेल्यावर तो आपला प्रोटॉन, म्हणजेच हायड्रोजन आयन, किती सहज सोडतो याची. दुसरी जोडी पाण्यात किती रेणू टाकले आहेत याची. फळ्यावर दोन रकाने आखून सांगितले की मुले मान डोलावतात, पण बॅटरीच्या पाण्यातले आम्ल ‘सौम्य केलेले’ असते असे बोलीत सर्रास म्हटले जाते, आणि तिथे त्या शब्दाचा अर्थ नुसता पाणी घातलेले इतकाच असतो. दोन जोड्यांमधली भिंत बोलण्यात रोज पडते आणि मी ती वर्गात रोज बांधते.

ही भिंत सगळ्यांत चांगली दाखवणारी बाटली आमच्याच कपाटात आहे. शुद्ध असेटिक आम्ल १६.६ अंश सेल्सिअसला गोठते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पारा दहा-बाराच्या आसपास उतरला की सकाळच्या पहिल्या बॅचला ती बाटली उघडताना आत बर्फासारखे पांढरे स्फटिक दिसतात. ‘ग्लेशियल’ हे तिचे नाव त्यावरूनच पडले. आमचे प्रयोगशाळा सहायक, ज्यांना सगळी मुले मामा म्हणतात, ती बाटली कोमट पाण्याच्या बादलीत ठेवून वितळवतात आणि कुणाला जवळ येऊ देत नाहीत. त्या बाटलीत लिटरला सतरा मोलांहून अधिक आम्ल असते आणि कातडीवर पडले तर फोड येतात. तरीही रसायनशास्त्राच्या हिशेबात ते सौम्य आम्ल. शेजारच्या फडताळावर ०.००१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली असते. ते तीव्र आम्ल, पण हातावर पडले तर नळाखाली हात धुऊन आपण कामाला लागतो. प्रथम वर्षाच्या मुलांना या दोन बाटल्या शेजारी ठेवून मी विचारते की यातली कोणती हाताळताना जास्त काळजी घ्याल, आणि दरवर्षी निम्मे हात ‘तीव्र’ या शब्दाकडे वर होतात. सौम्य म्हणजे शांत, चंद्रासारखे, कुणाला न दुखवणारे, हा त्या शब्दाचा मराठीतला संस्कार इतका जुना आहे की एका तासात तो पुसला जाईल अशी अपेक्षा ठेवणेच चुकीचे आहे.

भाषेने घातलेला सगळ्यांत मोठा घोळ मात्र ‘क्षार’ या शब्दाचा आहे. आमच्या शालेय पुस्तकांत ‘आम्ल, आम्लारी आणि क्षार’ अशी त्रयी असते आणि तिथे क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून तयार होणारा पदार्थ, मिठासारखा. हिंदीत शिकून आलेल्या मुलाला क्षार म्हणजे आम्लाच्या विरुद्ध टोकाचा पदार्थ वाटतो, कारण त्याच्या पुस्तकात तसेच छापलेले असते. आयुर्वेदातला क्षारही त्याच अंगाचा. आणि बावधनच्या आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचे पाणी सुरू झाले की नळांवर जो पांढरा थर धरतो त्यालाही सगळे क्षारच म्हणतात. माझ्या सासूबाई त्यावर लिंबाची साल घासतात, थोडे बुडबुडे येतात आणि थर निघतो. एका मुलाने मला याच अनुभवावरून सांगितले होते की क्षार आम्लाने जातात, म्हणजे ते आम्लारी असले पाहिजेत. तो थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. तो लवण, म्हणजे शालेय पुस्तकाच्या अर्थाने क्षारच आहे आणि तरीही आम्लाला उदासीन करतो. त्या मुलाचे निरीक्षण बरोबर होते, तर्कही बऱ्यापैकी बरोबर होता, आणि ‘क्षार म्हणजे ना आम्ल, ना आम्लारी’ ही पाठ केलेली व्याख्याच त्याच्यापेक्षा अपुरी होती. परीक्षेत मात्र त्याला पाठ केलेल्या व्याख्येने गुण मिळाले असते.

आणि ‘उदासिनीकरण’. आम्लात अल्कली पुरेसा घातला की ते उदासीन होते, आणि उदासीन म्हणजे पीएच (आम्लता मोजण्याचा आकडा, आम्लता वाढली की तो उतरतो) ७, हे प्रत्येक मुलाला झोपेतून उठवले तरी येते. शब्दातच निकाल लिहून ठेवल्यावर वेगळे काही सुचावे तरी कसे! प्रत्यक्षात ०.१ मोलर असेटिक आम्ल तितक्याच सोडियम हायड्रॉक्साइडने बरोबर पुरे होते तेव्हा फ्लास्कमधल्या द्रावणाचा पीएच सुमारे ८.७ असतो, कारण तयार झालेला असेटेट आयन पाण्याकडूनच थोडे प्रोटॉन उचलतो आणि मागे हायड्रॉक्साइड उरतो. म्हणून तिथे फिनॉल्फथॅलीन हे दर्शक, म्हणजे रंग बदलून शेवट दाखवणारे द्रव्य, लागते, जे साधारण ८.२ च्या पुढे गुलाबी होऊ लागते. इतकेच काय, पीएच ७ म्हणजे उदासीन हे समीकरणही २५ अंशांपुरतेच आहे. शुद्ध पाणी ६० अंशांपर्यंत तापवले की त्याचा पीएच ६.५ च्या आसपास येतो आणि ते पाणी तरीही उदासीनच असते, हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयन त्यात समसमान असतात. हे सांगितल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती मला आवडते आणि तिची मला थोडी भीतीही वाटते. ज्या आकड्याला मुले खांबासारखी धरून असतात तोच आपण हलवतो आहोत, हे त्या शांततेत कळते.

माझा स्वतःचा खांब असाच हलला होता. मी प्रथम वर्षात असताना आम्हाला गणित आले होते: १०⁻⁸ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच काढा. मी घाताचा आकडा उचलला, उणे चिन्ह काढले आणि ८ असे लिहून खाली दोन रेघा मारल्या. सरांनी वही हातात घेतली आणि फार हळू आवाजात विचारले, “पाण्यात आम्ल टाकलंस आणि पाणी अल्कधर्मी झालं?” माझे कान तापले. त्यांनी पुढे काही सांगितले नाही, वही परत दिली आणि दुसऱ्या बाकाकडे गेले. मला दोन दिवस लागले. पाण्याचे स्वतःचे १०⁻⁷ मोलर हायड्रोजन आयन मी विसरले होते. ते धरून वर्गसमीकरण सोडवले की उत्तर ६.९८ येते, सातच्या किंचित खाली, जिथे ते असायला हवे. त्या दोन दिवसांत मला रसायनशास्त्र आवडू लागले असे मी पुष्कळ वर्षे सांगत आले आहे. पण जुन्नरच्या त्या मुलीच्या जर्नलनंतर मला त्या आठवणीतला दुसराही भाग दिसू लागला. मी सूत्रावर विश्वास ठेवला आणि साध्या समजुतीला गप्प बसवले. तिने समजुतीवर विश्वास ठेवला आणि ब्युरेटला गप्प बसवले. मला कुणीतरी एक प्रश्न विचारला होता. मी तिचे दोन गुण कापले होते.

चुकीची कल्पना किती टणक असते याचा एक नमुना काही वर्षांपूर्वी मी पाहिला होता. एका मुलाने असेटिक आम्लाच्या फ्लास्कमध्ये फिनॉल्फथॅलीनऐवजी मेथिल ऑरेंजचे थेंब टाकले. हे दर्शक ३.१ ते ४.४ या पीएचच्या पट्ट्यात लालवरून पिवळे होते. तीव्र आम्लाच्या टायट्रेशनमध्ये हा पट्टा शेवटच्या काही थेंबांत ओलांडला जातो, म्हणून तिथे ते चालते. असेटिक आम्लाचा पीएच मात्र सुरुवातीलाच २.९ च्या आसपास असतो आणि तीन मिलिलिटर अल्कली पडेपर्यंत तो ४.४ ला पोहोचतो, जेव्हा सत्तर टक्के आम्ल अजून तसेच शिल्लक असते. त्या मुलाचा रंग लाल, मग नारिंगी, मग पिवळा असा रेंगाळत बदलला आणि त्याने ३ लिहिले. तो आनंदाने आला: “मॅडम, बरोबर आलं, सौम्य आम्लाला कमीच लागतं.” त्याच्या मनातल्या चुकीला प्रयोगाने शिक्का मारून दिला होता. दर्शक हा नुसता साक्षीदार असतो आणि तो आपल्याला दिसणाऱ्या एका छोट्या खिडकीपुरतीच साक्ष देतो, हे मी त्याला समजावले. त्याला ते कळले की त्याने माझ्याखातर मान हलवली, हे मला सांगता येणार नाही.

अशा वेळी मला इतिहासाचा आधार वाटतो. लव्हॉझिएसारख्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाने ऑक्सिजनला नाव दिले तेच ‘आम्ल निर्माण करणारा’ या अर्थाचे, कारण प्रत्येक आम्लात तो असतोच अशी त्याची खात्री होती. मिठापासून मिळणाऱ्या हायड्रोक्लोरिक आम्लातही ऑक्सिजन लपलेला असणार म्हणून रसायनशास्त्रज्ञ तो शोधत राहिले, आणि १८१० मध्ये हम्फ्री डेव्हीने त्यातले क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे, म्हणजे त्यात ऑक्सिजन नसल्याचे, ठामपणे मांडले तेव्हा कुठे त्या शोधाला उतरण लागली. पुढे अऱ्हेनिअसने १८८४ च्या प्रबंधात विद्युतवाहक द्रावणांविषयी जे लिहिले, ज्यातून आम्लाची आयनांची कल्पना उभी राहिली, त्याला विद्यापीठाने कमी श्रेणी दिली, आणि १९०३ मध्ये त्याच कामाला नोबेल पारितोषिक मिळाले. १९२३ मध्ये ब्रॉन्स्टेड आणि लॉरी यांनी स्वतंत्रपणे प्रोटॉनच्या देवाणघेवाणीची व्याख्या दिली आणि त्याच वर्षी लुईसने इलेक्ट्रॉनच्या जोडीची. माणसांना चाळीस वर्षे लागलेला हा प्रवास आम्ही अकरावी-बारावीच्या एका प्रकरणात तीन मथळ्यांखाली उरकतो, आणि मग मुलगा सूत्रात ओएच दिसतो म्हणून अल्कोहोलला आम्लारी म्हणतो तेव्हा आश्चर्य करतो. डेव्हीच्या आधीच्या काळात तोही मोठ्यांच्या पंक्तीत बसला असता.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी मी तिला बोलावून घेतले. प्रयोगशाळा रिकामी होती, मामांनी एक ब्युरेट लावून ठेवली होती, बाहेर कुणीतरी आताच फटाके उडवायला सुरुवात केली होती. मी तिला दोन माणसांची गोष्ट सांगितली. दोघांकडे शंभर-शंभर रुपये आहेत. एक सगळे खिशात घेऊन फिरतो. दुसरा खिशात जेमतेम सव्वा रुपया ठेवतो, कारण या संहतीच्या असेटिक आम्लाचे शंभरातले साधारण १.३ रेणूच एका वेळी सुटलेले असतात, आणि बाकीचे पैसे तो बँकेत ठेवतो. वाटेत उधारी मागणारा भेटला की पहिला खिशातून देतो. दुसरा खिसा रिकामा झाला की बँकेतून काढतो, पुन्हा देतो, पुन्हा काढतो. मागणारा थांबला नाही तर दोघांचेही शंभरच जातात. तिने हे लक्ष देऊन ऐकले आणि विचारले, “मग मॅडम, ते सव्वा रुपयावाले रेणू कोणते असतात? तेच तेच असतात का?” माझी गोष्ट तिथे फाटली. तेच तेच नसतात. प्रोटॉन क्षणोक्षणी इकडून तिकडे जातात आणि परत येतात, खिसा आणि बँक असे दोन कप्पे फ्लास्कमध्ये कुठेही नाहीत. एक गैरसमज काढायला मी दिलेल्या दाखल्यातच दुसऱ्याचे बी होते, आणि ते तिने माझ्याआधी पाहिले. मी तिला तसे सांगितले.

मग मी तिला तोंडाने काही न बोलता आधी अंदाज लिहायला सांगितला. तिने पेनने ६ लिहिले, थांबली, खोडले नाही, शेजारी १० लिहून प्रश्नचिन्ह काढले. तोटी सोडली. तिचा हात चांगला आहे. डाव्या हाताने तोटी, उजव्याने फ्लास्क, पांढऱ्या टाइलवर एका लयीत गोल फिरणारे पाणी. सहा आले, सहा पूर्णांक चार आले, ती क्षणभर थबकली. आठनंतर जिथे थेंब पडे तिथे गुलाबी ढग उठून विरू लागले. ९.८ ला ती एकेक थेंब सोडू लागली, आणि ९.९ ला पूर्ण फ्लास्क अगदी फिकट, धुतलेल्या गुलाबी सुती कापडासारखा झाला आणि तसाच राहिला. आम्ही दोघी त्याकडे पाहत राहिलो. काही मिनिटांनी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो रंग पुसट व्हायला लागला तेव्हा तिने आणखी थेंब टाकायला तोटीकडे हात नेला आणि स्वतःच मागे घेतला.

जर्नलमध्ये नवी नोंद करण्यासाठी तिने जुने पान उघडले. ते पान फाडून नवे लावू का, असे ती विचारेल असे मला वाटले होते. तिने तसे विचारले नाही. नव्या पानावर ९.९ लिहिल्यावर तिने मागे जाऊन ६.४ च्या तिन्ही आकड्यांना मिळून समासात एक कंस काढला आणि बारीक अक्षरात त्यापुढे लिहिले: हे मोजलेले नाही. मी त्याखाली तारीख घालून सही केली. मामा ब्युरेट रिकामी करून धुवायला घेऊन गेले.